सासूबाईंनी दाखवलेलं वारूळ

लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा कुठं सासूबाईंनी मला वारूळ दाखवलं. तोवर श्रावणात त्या सकाळी एकट्याच माळावर जायच्या आणि पदरात अळंबी घेऊन यायच्या. कुठून आणली विचारलं की म्हणायच्या, "रानातून." जसं काही त्या नेकनूरच्या बाजारातून आणतात असं मी समजत होते.

पुढं त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांनी मला सोबत घेतलं. धाकट्या जावेला नाही, मला. याचा मला केवढा ताठा आला होता ते माझं मलाच माहीत. वारूळ ओढ्याच्या काठाला, बोराटीच्या जाळीत होतं. ही अळंबी वाळवीच्या वारुळावरच येते, दुसरीकडं कुठंच नाही. सासूबाईंचे नियम कडक. लोखंड लावायचं नाही, हातानं पिळून काढायची. ज्यांच्या छत्र्या पुऱ्या उघडल्या त्या तशाच सोडायच्या, पुढच्या सालासाठी. मेंढरांनी तुडवू नये म्हणून निघताना वर बाभळीचे काटे टाकायचे. आणि जागा कुणाला सांगायची नाही. "नवऱ्याला बी न्हाई," त्या म्हणाल्या. नवऱ्याला मी नाहीच सांगितली.

भावाला सांगितली.

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, कडा गावात राहतो. कुठंतरी तीन दिवस शिकून आला आणि घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्यानं ढिंगरी अळंबी लावली. भुसकट उकडून पिशव्यांत भरायचं, बी टाकायचं, पिशव्या टांगायच्या. यायची भरपूर, पण चव भिजलेल्या पुठ्ठ्याची. त्यालाही ते कळत होतं, कारण आमच्या घरी त्यानं सासूबाईंच्या हातचं, येसराचा मसाला लावलेलं रानअळंबीचं कालवण खाल्लं होतं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच, ही अळंबी पिशवीत आणायची.

"अक्का, एकदा का ही घरी यायला लागली की रानातल्या अळंबीला कोण हात लावतंय? तुझ्या सासूचं वारूळच वाचंल बघ. मला फकस्त दोन दे, बी धरायला."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला त्याचं कौतुक होतं. आमच्या मेंढरामागं फिरलेल्या घरात कुणीतरी नवीन काही करत होतं. मी त्याला जागेवर नेलं. त्यानं शहाण्यासारख्या दोनच अळंब्या हातानं काढल्या, मी काटे परत टाकले.

आठ दिवसांनी तो मला न सांगता पहार घेऊन माळावर आला. बी अळंबीत नसतं, वारुळाच्या पोटात वाळवी जे पोळं करते त्यात असतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं वारूळ कमरेइतकं खोदलं, पोळं गोणीत भरलं आणि घरी पोचल्यावर मला फोन केला, आनंदानं. पंधरा दिवसांत त्याच्या पिशव्यांवर हिरवी बुरशी चढली आणि सगळं उकिरड्यावर गेलं. वाळवी गेली की अळंबीही जाते, एवढं माझ्या अंगठेबहाद्दर सासूला ठाऊक होतं.

मी त्याला फोनवर तोंडाला येईल ते बोलले. तो म्हणाला, "आगं, मातीच तर हुती." त्या बोलण्याचा राग अजून गेलेला नाही. ज्याला मी कडेवर घेऊन वाढवलं त्यानं मला फसवलं, आणि फसवलं हे त्याच्या गावीही नव्हतं.

सासूबाईंना तो खड्डा दिसला. रानडुकरानं उकरलं असंल, असं त्या म्हणाल्या आणि मी हो म्हटलं. त्यांनी दुखऱ्या गुडघ्यांनी वाकून खड्ड्यात माती लोटली. पुढच्या पावसाळ्यात त्या तीनदा जाऊन आल्या. तिन्ही वेळा पदर रिकामा.

राखीला भाऊ आला. पोळी वाढता वाढता सासूबाई सहज म्हणाल्या, "औंदा अळंबी न्हाई बाबा. डुकरानं वारूळ उकरलं." मी त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं. त्यानं पाहिलंसुद्धा.

"डुक्कर कुठलं, मावशी? मीच न्हेलंतं की. चोरून न्हाई बरं का, अक्कानंच जागा दाखविलती." आणि त्यानं गुळवणी मागितली.

सासूबाईंनी गुळवणी वाढली. वर तूप सोडलं. मी ताटाकडं बघत बसले.

तो गेल्यावर मी भांडी घासायला घेतली. सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि घासलेली भांडी विसळू लागल्या. मी म्हटलं, "आत्या, चांगलं झापायचं हुतं तुमी त्याला."

"त्याला कशापायी?" त्या म्हणाल्या. "त्याला मी कुठं दाखविलतं? तुला दाखविलतं."