शेठजींच्या घड्याळातलं तेल

जैन साधू उतरतात त्या उपाश्रयातलं भिंतीवरचं घड्याळ माझ्या टेबलावर उघडं पडलं होतं. शेवटच्या चाकाला तेलाचं टिपूस देऊन मी डोळ्यावरचं भिंग काढलं, तोच कुलकर्णी मास्तर दुकानात आले. ते हायस्कूलात सायन्स शिकवायचे. दिसेल ती वस्तू उचलून वाचायची त्यांना खोड. तेलाची बाटली उचलून म्हणाले, "देवमाशाचं तेल वापरता वाटतं?"

मी हसलो. बाटलीवर मासा होता खरा, पण तेव्हा काडेपेटीवर हरीण असायचं आणि रिळावर घोडा. काडेपेटीत हरीण कोण शोधतो? मला तो मार्का वाटला होता. इंग्रजी मला येत नव्हतं. सुरतेला ज्या उस्तादांकडे काम शिकलो, त्यांनी हेच तेल हातात दिलं होतं. ते पसरत नाही, लवकर सुकत नाही, एक टिपूस दोन वर्षं पुरतं.

मास्तरांनी बारीक अक्षरं वाचून दाखवली आणि स्टुलावर बसून शिकवायलाच लागले. हा मासा नव्हेच. पाण्यावर येऊन श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. त्याच्या डोक्यात तेल असतं, म्हणून बोटीवरच्या तोफेने भाला मारून त्याला मारतात. काही समुद्रांत तर तो दिसेनासा झालाय. आमच्या नंदुरबारात समुद्र कोणी पाहिला होता? पण दूध पाजतो म्हटल्यावर मला कसंसंच झालं.

त्यात हे घड्याळ उपाश्रयाला मोतीलाल शेठजींनी दिलेलं. शेठजी मिरचीचे व्यापारी, मूळ मारवाडातले जैन. पाण्यातला जीव मरू नये म्हणून पाणी गाळून पिणारे. याच घड्याळावर ते सामायिक करायचे, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसून ध्यान. दोन वर्षांपूर्वीही तेल मीच घातलं होतं. बाजारातली बहुतेक घड्याळं शेठजींच्या शब्दावर माझ्याकडे यायची. सांगितलं तर दुकान बसणार होतं. मास्तर म्हणाले की ते स्वतः कोणाकडे बोलणार नाहीत, पुढचं मी ठरवावं.

दुपारीच मी पेढीवर गेलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"तुले कधी समजनं?" शेठजींनी विचारलं.

"आज सकाळे, शेठजी. मास्तरस्नी वाची दखाडं, तवय."

"दुसरं तेल चाली का?"

मी खरं ते सांगितलं. शिवणयंत्राचं तेल चालेल, पण ते पसरतं. चार महिन्यांत पुन्हा द्यावं लागेल, आणि तोवर घड्याळ मागे पडत जाईल.

"मांगे पडू दे," शेठजी म्हणाले. "ते धोई टाक. आन दर चार महिनाले तूच ये."

'तूच' हा शब्द ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला. घड्याळाचा भाग न् भाग मी पेट्रोलमध्ये धुतला आणि नवं तेल दिलं. पुढे ते खरोखरच मागे पडायचं. उपाश्रयात कोणी तक्रार केली नाही, आणि बाजारातली घड्याळंही येत राहिली.

आठवड्याने पेढीवरच्या मुनीमजींकडून कळलं, की मी सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शेठजींनी उपवास केला होता. उपवासाचं कारण त्यांनी घरातही सांगितलं नव्हतं.

त्यांनी चारचौघांत मला झापलं असतं, तर मी ते कधीच विसरलो असतो. चूक माझी होती आणि उपाशी ते राहिले. तेव्हापासून गिऱ्हाईक विचारो न विचारो, घड्याळात काय घालतोय ते मी आधी सांगतो.