आधी अज्जांच्या जिभेवर

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता धूसर झाल्या, पण गुडघेदुखीच्या चूर्णाची ती केस अजून जशीच्या तशी आठवते.

मी तेव्हा म्हैसूरमध्ये इन्स्पेक्टर होतो. एका डॉक्टरांचा फोन आला. बोगादीच्या एका बाईंचा चेहरा सुजून गोल झाला होता, रक्तातली साखर भलतीच वाढली होती. त्या घेत असलेल्या चूर्णात स्टेरॉइड असावं, असा डॉक्टरांना संशय होता. विकणाऱ्याचं वर्णन ऐकून मी चमकलोच. मार्केटच्या कोपऱ्यावरचे ते अज्जा, म्हणजे आजोबा, आमच्यासारखेच इथले जुने मराठी, रंगाऱ्यांच्या घरातले, पण बापापासून औषधी मुळ्या आणि चूर्णं विकणारे. लहानपणी आईचं बोट धरून मी त्यांच्याकडे जायचो. त्या मुळ्यांचा वास अजून नाकात आहे. पुडी देण्याआधी त्यातली चिमूट स्वतःच्या जिभेवर ठेवायची, हा त्यांचा नेम.

औषध निरीक्षकांना घेऊन गेलो. परवाना नव्हताच. पंचनामा केला, नमुने घेतले, सगळं चूर्ण मोहोरबंद केलं, अज्जांच्या खिशातली त्यांच्या स्वतःच्या चूर्णाची डबीसुद्धा. मग ठाण्यात बसवून खोदून खोदून विचारलं. त्यांचं एकच, "मी रोज तेच खातो की, साहेब." चूर्ण कुठे कुटता म्हटलं की मान खाली. नजर चोरतो तो खोटं बोलतो, हे माझं जुनं गणित. अहवाल येईपर्यंत रोज हजेरी द्यायला बजावलं.

घरी आई म्हणाली, "अय्यो, तो आधी आपण खाऊन देतो की रे." ढोंग आहे ते, असं म्हणून मी तिला गप्प केलं.

चौथ्या दिवशी अज्जा हजेरीला आले आणि बाकावरच कोसळले. जीपमधून त्याच डॉक्टरांकडे नेलं. "यांच्या अंगात कित्येक वर्षं स्टेरॉइड जात होतं," ते म्हणाले. "तुम्ही ते एकदम तोडलंत, म्हणून हे कोसळले." बोगादीच्या बाईंसारखाच तो गोल चेहरा तीन दिवस माझ्यासमोर होता. मला मेल्याला दिसला नाही.

दोन दिवसांनी अज्जा बोलते झाले. गुडघे गेल्यापासून रानात जाणं जमेना, म्हणून ते एका कारखान्यातून तयार चूर्ण आणत. "बापाच्या गादीवर बसून दुसऱ्याचं विकतो, हे कोणत्या तोंडानं सांगू रे तुला?" लाजेनं खाली गेलेली ती मान मी गुन्हेगाराची समजलो होतो.

कारखान्यावर छापा घातला, तिथे स्टेरॉइडच्या गोळ्यांची पोतीच सापडली. मालकाला अटक झाली. विनापरवाना विक्रीबद्दल अज्जांवरही कारवाई झाली, आणि ती योग्यच होती. परवाना आणि तपासणी का हवी, हे मला त्या केसनं शिकवलं. चाखणाऱ्यालाही कळत नाही की आत काय आहे. आणि वीस वर्षं माणसं वाचणाऱ्या पोलिसालाही कळत नाही.

पुढे अज्जा नुसत्या अख्ख्या मुळ्या विकायला बसले. निवृत्तीनंतर एकदा गेलो. त्या चार दिवसांची माफी मागायची होती, पण मुळ्यांचा भाव विचारत राहिलो. त्यांनी मुळीचा तुकडा मोडला, सवयीनं तोंडाकडे नेला, थांबले आणि माझ्यापुढे धरला.

"आधी नीट बघून घे," म्हणाले.

मी न बघताच तो जिभेवर ठेवला.