मिस्त्रींनी सांगितलेलं भूत

दार कसं असावं, तर जिथे सोडाल तिथे थांबावं. अर्धं उघडून सोडलं तर अर्ध्यावर, बोटभर सोडलं तर बोटभरावर. वाऱ्याचं ऐकावं, पण आपल्या मनाने हलू नये. आमच्या मिस्त्रींची चाळीस वर्षांची विद्या एवढ्यात आली. त्यांच्या हातची दारं आमच्याकडे घरोघरी अशीच शहाण्यासारखी उभी आहेत.

लाकडावर बसला होता तसाच त्यांचा हात बोलण्यावरही बसला होता. रंधा मारता मारता ते एखाद्या वाकड्या खिळ्याची गोष्ट सुरू करत, आणि खुर्ची दुरुस्तीला घेऊन आलेला माणूस त्याच मोडक्या खुर्चीत तासभर बसून राही. लोक म्हणत, मिस्त्री सांगायला लागले की हातोडीसुद्धा ऐकत बसते. त्यांची बायको म्हणे, "म्हणूनच तर कामं वेळेत होत नाहीत."

अशा माणसाच्या हातून एकच गोष्ट वाईट घडली, आणि तीच सगळ्यांत चांगली सांगितली गेली.

गल्लीच्या टोकाला शिवणवाल्या बाईंचं तीन खोल्यांचं घर होतं. बाई जाऊन वर्ष झालं होतं आणि चावी त्यांच्या पुतण्याकडे होती. एक दिवस एका व्हॅनमधून सात माणसं उतरली. भुताचा सिनेमा काढायचा होता. गोष्ट अशी, की भुतांचा शोध घेणारी तीन तरुण माणसं यंत्रं घेऊन एका रिकाम्या घरात जातात, आणि जे घडतं ते त्यांच्याच कॅमेऱ्यात सापडतं. सगळं खरं वाटलं पाहिजे, हीच त्यातली मेख. दिग्दर्शक हाडकुळा, नम्र आणि कायम भुकेला होता. पुतण्याने त्याला चावी दिली आणि मिस्त्रींच्या दुकानाची वाट दाखवली.

मिस्त्रींना काम मिळालं ते दार बिघडवायचं. आपोआप उघडणारं दार हवं होतं. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "आयुष्यभर न हलणारी दारं केली, आता हलणारं करू?" पण केलं. खालच्या बिजागरीमागे पुठ्ठ्याची एक पट्टी सरकवली, दार किंचित कललं आणि सोडलं की कुणीतरी ढकलल्यासारखं हळूच उघडू लागलं. भुताचा सुगावा लागला की दिवा लागणारं यंत्रही त्यांनीच केलं. प्लायवूडची पेटी, दोन बल्ब आणि मागे बटण. यंत्र धरणारी मुलगी अंगठ्याने बटण दाबायची आणि स्वतःच दचकायची. दिवसाढवळ्या खिडक्यांना जाड चादरी लावून रात्र केली होती. भूत म्हणजे दिग्दर्शकाचा मेहुणा. त्याचे गुडघे दुखत, त्यामुळे तो कोपऱ्यातून उठताना कण्हायचा. ते कण्हणं इतकं आवडलं, की तसंच ठेवलं.

चौथ्या दिवशी दिग्दर्शक म्हणाला, "मिस्त्री, एखादा शेजारी बोलताना पाहिजे. खरा माणूस, खरा चेहरा. तुम्ही बोला ना. बाईंचं काही विचित्र पाहिलंय?"

"विचित्र एवढंच, की शिवायला दिलेला कपडा सांगितल्या दिवशी मिळायचा."

सगळे हसले. दिग्दर्शकही हसला, मग त्याचा चेहरा पडला. "असं नको हो. काळजाला हात घालेल असं काहीतरी."

आता बाईंचं दुःख गल्लीला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी लेकीने आपल्या मनाने लग्न केलं. आई आणि लेक, दोघी एकाच लाकडाच्या. लेक गेली ती गेली, आणि बाईंनी पुन्हा तिचं नाव तोंडातून काढलं नाही. कुणी विचारलं तर त्या सुईत दोरा ओवू लागत.

मिस्त्रींनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. सातही माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. इतकी शांतता त्यांच्या दुकानात कधी मिळाली नव्हती. आणि गोष्ट सुचली.

"बाईंचा जीव लेकीत अडकलाय," ते म्हणाले. "रोज दिवेलागणीला त्या या दारात येतात. दार उघडतात आणि लेकीला हाक मारतात. शेवटच्या दिवसांत मारत होत्या, तशीच. मी या कानांनी ऐकलंय. आई मेली तरी तिची वाट बघायची सवय मरत नाही."

बोलता बोलता त्यांचे डोळे खरोखर भरून आले. पेटीवाली मुलगी डोळे पुसू लागली. मेहुणा भुताच्या कपड्यातच गपकन खाली बसला. दिग्दर्शकाने मिस्त्रींना मिठी मारली.

सिनेमा मोबाइलवर आला. तसा तो फुटकळच होता. एका प्रसंगात भुताच्या मनगटावर घड्याळ दिसत होतं. लोक पोट धरून हसले. पण मिस्त्री दिसले की सगळे गप्प होत. त्यांचं नाव भूतमिस्त्री पडलं. बायको म्हणाली, "सिनेमात गेलात ते ठीक. आता भाजी आणायला कोण जाणार, भूत?" मिस्त्री वरवर रागावत. आतून चार महिने सुखात होते.

मग एका दुपारी दुकानाच्या चौकटीखालून वाकून एक उंच बाई आत आली.

"मिस्त्रीकाका, ओळखलंत?"

ओळखलं. उंची वडिलांची, हनुवटी आईची. मिस्त्रींना वाटलं, आता ही चप्पल काढणार. काढली असती तर बरं झालं असतं. ती समोरच्या स्टुलावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "तो सिनेमा मी चौदा वेळा पाहिला. सगळा नाही. फक्त तुमचा भाग."

"आठवडाभराची रजा घेतलीय. दोन दिवस घरात एकटी बसले. दार उघडतं, काका. तुम्ही म्हणालात तसंच. पण हाक ऐकू येत नाही." तिने मान खाली घातली. "मी असले की येत नाही का ती?"

एवढी वर्षं शब्द मिस्त्रींकडे चालत येत होते, त्या दिवशी एकही येईना. त्यांनी भिंतीवरचा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि एवढंच म्हणाले, "चल पोरी."

घरी जाऊन त्यांनी खालची बिजागरी सैल केली, पुठ्ठ्याची पट्टी ओढून तिच्या हातावर ठेवली आणि स्क्रू पुन्हा आवळले. दार अर्धं उघडून सोडलं. दार अर्ध्यावर थांबलं.

ती त्या पट्टीकडे बघत राहिली. "आणि आई?"

"तीही मीच केली."

ती उंबऱ्यावर बसली. "म्हणजे तिने हाक मारलीच नाही."

"माझ्यादेखत नाही."

"शेवटीही?"

"शेवटी दवाखान्यात होत्या. मी नव्हतो तिथे. मला काय ठाऊक? मी सांगायला नको होतं."

"नाव तरी? कधीतरी?"

इथे एखादा गोड खोटा शब्द टाकणं मिस्त्रींना अवघड नव्हतं. तो अगदी ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला. "नाही. नाव कधी घेतलं नाही."

आणि मग मिस्त्रींना ती गोष्ट आठवली. कॅमेऱ्यासमोर कशी आठवली नाही, याचं उत्तर त्यांना अजून मिळालेलं नाही. कदाचित आठवली असेल, पण फार साधी वाटली असेल.

"थांब," ते म्हणाले. "ये, तुला दाखवतो." तिला जवळजवळ ओढतच ते स्वयंपाकघरात गेले. "बाई जायच्या आदल्या वर्षी मी इथे फळ्या बसवल्या. दोन. खालची त्यांच्या हाताला येईल अशी. आणि एक पार वर. मी म्हटलं, बाई, वरची कशाला? तुमचा हात पोचणार नाही. तर म्हणाल्या, 'ज्याचा पोचेल त्याचा पोचेल.' मला हात वर करून उभं केलं, बोटांपर्यंत माप घ्यायला लावलं, तरी म्हणाल्या, 'अजून चार बोटं वर.' या गल्लीत माझ्याहून उंच कोण होतं सांग? तूच. वर्षभर ती फळी रिकामी होती. रोज पुसायच्या. स्टुलावर चढून पुसायच्या! मी स्वतः…"

बोलता बोलता त्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंत काळी होती. शूटिंगला आड येतात म्हणून फळ्या त्यांनीच काढल्या होत्या. लाकूड कॅमेऱ्याच्या पायांखाली ठेवायला कापलं गेलं, आणि खिळ्यांची भोकं बुजवून भिंतीला डिंक आणि काजळी फासली गेली, भुताचं घर दिसावं म्हणून.

मिस्त्रींनी नखाने काजळी खरवडली. एक भोक तरी सापडेल म्हणून. बोटं काळी झाली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते काही केल्या थांबेना.

लेक त्यांच्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता. आजाऱ्याची समजूत काढावी तसं ती म्हणाली, "असू द्या, काका. मला बरं वाटावं म्हणून सांगताय, कळतंय मला."

"नाही गं. हे खरं आहे. देवाशपथ खरं."

"सिनेमातही असेच डोळे भरले होते तुमचे."

ती रजा अर्धी टाकून त्याच दिवशी परत गेली. जाताना चावी पुतण्याकडे दिली आणि म्हणाली, "विका."

मिस्त्रींनी नंतर तिला एक कागद पाठवला. शब्द नाहीत, फक्त भिंतीचं चित्र, दोन फळ्या आणि मापं. खालची साडेतीन फूट, वरची सव्वासात. त्यांच्या हातची रेघ कधी चुकलेली नाही. उत्तर आलं नाही.

"दुसरा पाठवा," बायको म्हणाली. "पत्त्यात चूक झाली असेल."

"पत्ता बरोबर होता."

"मग फोन करा. बोला. तुम्हाला काय, बोलता तर येतं."

मिस्त्रींनी पटाशी उचलली आणि अंगठ्याने धार पाहिली. "येतं ना," ते म्हणाले. "तेच तर तिला माहीत आहे."