लांडगिणीसाठी राखलेले पॉइंट

अन्याय झाला तो माझ्या चुलत बहिणीवर. गेल्या अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुपारी, पंगत उठल्यानंतर आणि चहा ठेवण्याआधी, एरंडोलच्या आमच्या घरात, मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर. एवढं स्पष्ट लिहिते, कारण नंतर सगळे म्हणाले की काही झालंच नाही.

ताई धुळ्याला दिलेली. सासरी लॅपटॉप आहे, पण तो 'कामाचा' आहे. म्हणून तिचा गेम माहेरीच. जंगल, राक्षस, जादू असला गेम. प्रत्येक लेव्हलला पॉइंट मिळतात, ते तलवार, धनुष्य, कुलूप उघडणं अशा कौशल्यांत टाकायचे. ताईने लग्नाआधीपासून बरेचसे टाकलेच नव्हते. शेवटच्या लेव्हलला पशुभाषा हे कौशल्य उघडतं. त्याला सगळे साठवलेले पॉइंट एकदम लागतात. ते असेल तर शेवटच्या गुहेतली लांडगीण मारावी लागत नाही, तिच्याशी बोलता येतं. ती काय बोलते, हे ताईला ऐकायचं होतं. शेवटची एकच लेव्हल राहिली होती.

झोके खेळून आम्ही घरात आलो. ताईने कॉम्प्युटर लावला. पॉइंट शून्य. कुऱ्हाड आणि ताकद टोकापर्यंत भरलेली. लांडगीण मेलेली. आणि त्या गेममध्ये मागे जाता येत नाही, जुनं काही शिल्लक राहत नाही.

माझा पहिला संशय तिच्या भावावर. तो ओट्यावर पत्ते खेळत होता.

"मी जेवनपासून उठेल नई," तो पानांतून मान वर न काढता म्हणाला. "इचार बठ्ठास्ले. हारी राहिनू, उठू कसा?"

साक्षीला धरलेले ते सगळे हसले. हसण्यावरही मला संशय आला. पण तो खरंच हरत होता, आणि हरणाऱ्याला कोणी उठू देत नाही. काकू चुलीपाशी, आम्ही झोक्यावर, घरातले पुरुष ओट्यावर. मग मागच्या, कूलरच्या खोलीत जेवणानंतर आडवं व्हायचा मान कोणाला मिळाला होता?

चहाच्या वेळी मी विचारलं, "जिजाजी, कॉम्प्युटर तुम्ही लावला होता?"

"हो ना," ते खुशीत म्हणाले. "झोप येईना. पाहिलं तर हिचे एवढे पॉइंट नुसते पडलेले. कुऱ्हाडीत घातले. लांडगीण दोन फटक्यांत. हिला वर्षभर जमलं नव्हतं."

"तिला मारायची नव्हती."

"मग गेम कशाला खेळायचा?"

ताई म्हणाली, "अहो, एकदा विचारायचं तरी."

"तू झोक्यावर होतीस. म्हटलं, करून ठेवू."

मी पुढे बोलणार, तेवढ्यात काका, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, ओट्यावरून आत आले. "अखाजीले जवाईले कोनी बोलस का? गेम शे ती, लेकरू नई." काकूंनी जिजाजींपुढे आणखी एक सांजोरी ठेवली. खटला निकाली. माझ्याकडे मात्र सगळे असे बघत होते, जणू पॉइंट मीच उडवले.

तेव्हापासून 'करून ठेवलं' हे शब्द ऐकले की मी आधी विचारते, कोणासाठी? बायकोसाठी म्हणून केलेल्या गोष्टीत बायको कुठे होती? जिजाजी वाईट नाहीत, हे मला सगळ्यांनी ऐकवलं. माणूस वाईट आहे, असं मी म्हटलंच नव्हतं. माझा प्रश्न एवढाच होता, की तिला विचारलं का.

धुळ्याच्या गाडीला वेळ होता. ताई परत कॉम्प्युटरपाशी बसली. नवं पात्र, पहिली लेव्हल. जिजाजी बॅग घेऊन मागे उभे राहिले.

"आता तरी ताकद घे पहिल्यापासून," ते म्हणाले.

ताईने काहीच घेतलं नाही. पॉइंट तसेच ठेवले, पासवर्ड घातला आणि तो टाकताना दुसऱ्या हाताने कीबोर्ड झाकला.

"माझ्यापासून लपवतेस?"

"हो," ती म्हणाली. "गाडी चुकेल, चला."

आता तुम्ही. तुमच्या बायकोचं, बहिणीचं काहीतरी तुम्हाला रिकामं पडलेलं दिसत असेल. त्याला हात लावण्याआधी जा आणि तिला विचारा, हे कशासाठी ठेवलंय? ती सांगेपर्यंत थांबा. ती म्हणाली, राहू द्या, तर राहू द्या.

आजच विचारा.