उसने काळे मणी

"गळ्यात काही नाही आणि तुला ही गोळी हवी?"

बोईसरच्या मेडिकलवाल्याने हे मोठ्याने विचारलं. माझ्यामागे कंपनीतले चारपाच पुरुष उभे होते. ते हसले. "नवऱ्याला पाठव," तो म्हणाला, "नाहीतर डॉक्टरची चिठ्ठी आण."

मी मुकाट निघाले. अजून राग येतो तो त्या मुकाट निघण्याचा.

माणूस होता मला. आम्हा वारल्यांत आधी संसार मांडतात, लग्न सवडीने लावतात, कधी पोरांच्या देखत. त्यात कुणाला लाज वाटत नाही. पण तो त्याच पहाटे वीटभट्टीवर गेला होता, आणि आदल्या रात्री गावी निरोध फाटला होता. वाणगावला आईकडे माझी आठ महिन्यांची मुलगी. तिच्या वेळी मी मरता मरता वाचले, रक्त चढवावं लागलं. लगेच दुसरं राहिलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. गावच्या आशाताईने सांगितलं होतं, "तीन दिवसांत घ्यायची. जितकी लवकर तितकी बरी. चिठ्ठी लागत नाय."

दुसरा दिवस बारा तास मशीनपुढे. सुट्टी होईपर्यंत गेटबाहेर सोडत नाहीत. हात सारखा पोटाशी जायचा. माझंच पोट, आणि मीच त्यात अडकलेली.

संध्याकाळी खोलीतल्या सातारच्या मैत्रिणीने आपलं मंगळसूत्र माझ्या गळ्यात घातलं. "जा आता. काय बिघडतंय?"

गेले. तोच दुकानदार. त्याने गळा पाहिला, तोंड पाहिलंच नाही. "घ्या वहिनी."

काल मी 'तू', आज वहिनी. माझा अख्खा दिवस ह्याने खाल्ला होता आणि मला ओळखतही नव्हता. अंगाची आग झाली. गोळी तिथेच गिळली. मग मंगळसूत्र काढून हातात धरलं.

"हे माझं नाय. कालची ती मीच हाय. काल चिठ्ठी लागत होती, आज का नाय लागली?"

"ताई, हळू बोला."

नाही बोलले हळू.

पाळी येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. आली.

आता आमच्या मशीनच्या लायनीतली कुणी मंगळसूत्र उसनं मागू लागली, की मी ते घालू देत नाही. तिच्याबरोबर जाते. गोळीचं नाव मोठ्याने घेते, मागे कितीही पुरुष असोत. चिठ्ठी दाखवणार नाही. नवरा दाखवणार नाही. गोळी तिच्या हातात पडेपर्यंत काउंटरवरून हलणार नाही.