पैसे न घेणारी

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी नोकरीची सगळी वर्षं मोटार वाइंडिंग केलं. तांब्याची तार गुंडाळण्यातच जन्म गेला म्हणा ना. त्यामुळे कोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा मिक्सर अडला, इस्त्री थंड पडली, की हाक मलाच. आणि माझा एकच हेका, ओळखीच्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत. कुणी पाकीट काढलं की डोकं फिरायचं माझं. "मी काय दुकान थाटलंय?" म्हणायचे आणि चालू पडायचे. हळूहळू लोकही शिकले. पैसे नाही तर नाही, पण हात हलवत कुणी परत पाठवत नसे. कुणी नारळ द्यायचं, कुणी गावचे काजू, कुणी भाजीचा डबा.

या बाबतीत सगळ्यात चोख माझी वरच्या मजल्यावरची मैत्रीण. मालवणकडची, नवरा गेल्यापासून एकटी, मुलगा बंगळुरूला. तिच्याकडे गेलं की आधी चहा, मग दुरुस्ती, मग घावणे. ते खाईपर्यंत उठू द्यायची नाही. "पैशांचं नाव काढलं तर माझं डोकं खाशील, त्यापेक्षा घावणा खा," म्हणायची. मी साताऱ्याकडची. मला ते पांढरं जाळीदार प्रकरण आधी अजिबात पटलं नव्हतं. मग अशी चटक लागली की हिची इस्त्री कधी बिघडतेय याची मी वाट बघायचे, खरं सांगते. तिच्या ओट्यापाशी उभ्या-उभ्या आम्ही तिच्या सुनेपासून माझ्या गुडघ्यांपर्यंत सगळ्यांचा समाचार घ्यायचो.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या हाका बंद झाल्या. जिन्यात भेटली की हसायची, पण "जरा येऊन जा गं" नाही. मी फुगले. म्हटलं, मिळाला असेल मोबाइलवरून बोलवायचा कुणी मेकॅनिक, आता आपली काय गरज. मीही वर जायचं सोडलं. मला राग आला की तो लवकर उतरत नाही, घरात सगळ्यांना माहीत आहे.

मे महिन्यात कुरडया घालायला गच्चीवर निघालेले. तिचं दार सताड उघडं होतं. ती हॉलमध्ये उभी, हातात झाडूचा दांडा, आणि त्या दांड्याने पंख्याचं पातं ढकलत होती. ढकललं तेव्हा कुठे पंखा कसाबसा फिरायला लागला. गाऊन घामाने पाठीला चिकटलेला. ओट्यावर मिक्सर होता, त्याच्यावर फडकं टाकलेलं.

"हे कधीपासून?"

"होळीपासून असेल. लाइट गेली की परत ढकलावं लागतं, एवढंच."

माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. अगं, मी खाली जिवंत बसलेय ना? एक कंडेन्सर बदलायचा असतो, चहा उकळेपर्यंत होणारं काम, त्यासाठी एवढा उन्हाळा काढलास? ती ऐकून घेत राहिली. मग तिने दोन्ही हात पुढे केले. बोटांची पेरं सुजलेली, बोटं वाकडी झालेली.

"तवा उचलत नाही गं आता," ती म्हणाली. "पोळीवाली येते, तीच भाजी टाकून जाते. तुला बोलावून देणार काय होते मी? तू तर पैसे घेत नाहीस."

इतकी वर्षं मी ते घावणे माया म्हणून खाल्ले. माया होतीच. पण तिच्या मनात एक देणंही होतं आणि ते फेडायची दुसरी वाट मीच ठेवली नव्हती. म्हणून ही बाई उकाड्यात दांडा घेऊन उभी. मला रडूच आलं, कुरडयांचं पातेलं खाली ठेवून मी डोळे पुसले.

दुपारी कंडेन्सर आणून बसवला. पंखा सुरू झाल्यावर तिने पर्समधून एक नोट काढली आणि दोन वाकड्या बोटांत धरून पुढे केली. एरवी मी तिला फाडून खाल्लं असतं. मी घेतली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग मिक्सर पण बघशील?" तिने विचारलं.

आता ती पुन्हा हाक मारते. बटण, ट्यूब, बेल, काहीही. नोट टेबलावर आधीच काढून ठेवलेली असते. पण बस म्हणत नाही. बसवलं तर चहा द्यावा लागेल आणि तिच्याने कपबशी धरवत नाही. "मी करते चहा," म्हटलं तर म्हणते, "नको, तुझा वेळ जातो."

मागच्या आठवड्यात बेल दुरुस्त केली, नोट घेतली, टेस्टर पिशवीत टाकला आणि उगाच दाराशी रेंगाळले. तिने पर्स पुन्हा हातात घेतली.

"काही द्यायचं राहिलं का गं?"

नाही म्हटलं आणि जिना उतरले.