व्हिसा येईपर्यंत क्वालालंपूर

मैत्रिणीने ऐन वेळी टांग दिली. पाठीवर सॅक टाकून दोघींनी क्वालालंपूर भटकायचं ठरलं होतं, तिकिटं काढून झाली होती, आणि तिला बघायला पाहुणे येणार म्हणून ही बया घरी बसली. मी एकटी निघते म्हटल्यावर आमच्या दुबईतल्या, करामा वस्तीतल्या दोन खोल्यांत जो काही तमाशा झाला तो विचारू नका. शेवटी बाबा म्हणाले, "मी आहे की बरोबर."

बाबा साठीला आले होते. साठीनंतर व्हिसा वाढवून मिळणं म्हणजे सगळा कंपनीच्या मर्जीचा मामला. मिळाला तर करामा, नाहीतर माझ्या जन्माआधीपासूनचा संसार गुंडाळून चिपळूण. कंपनीत सरकारी कामं बघणारा एक पीआरओ होता, त्याच्याकडे अर्ज पडला होता आणि उत्तर येत नव्हतं. आई मला म्हणाली, "घेऊन जा गं बाई यांना. येरझाऱ्या घालून फरशी झिजवली माझी."

तिथे पोचल्यावर बाबांनी मला सुखाने काही बघू दिलं असेल तर शपथ! एकाच रस्त्यावर उदबत्त्यांच्या धुराने भरलेलं चिनी देऊळ, जरा पुढे मोगऱ्याच्या हारांचं तमिळ देवीचं देऊळ, आणि दहा मिनिटांवर नदीकाठची मशीद. मला त्या धुरात नुसतं उभं राहायचं होतं. बाबा तोवर पुढच्या कोपऱ्यावर. तिथून अरबीत 'चल, चल'ची हाक, "यल्ला, यल्ला!" जणू कुणाची गाडी सुटत होती. थांबायचे ते फक्त फोनच्या बूथपाशी. दुबईचं घड्याळ चार तास मागे, त्यामुळे सकाळभर त्यांची तगमग. दुपारी पीआरओ फोनवर सापडायचा आणि म्हणायचा, "इन्शाल्ला."

"इन्शाल्ला म्हणाला. म्हणजे होणार," बाबा म्हणायचे.

मी त्या शब्दातच लहानाची मोठी झाले. माणसं तो अगदी मनापासूनही म्हणतात, आणि तोंडावर नाही म्हणवत नाही म्हणूनही म्हणतात. बाबांना हे कळत नव्हतं असं थोडंच आहे! पण त्यांना विचारायची माझी छाती नव्हती.

चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. एका टपरीवर आम्ही रोटी खात होतो. तव्यापाशी तमिळ मुसलमान, शेजारच्या टेबलावर चिनी आजोबा, पलीकडे खिदळणाऱ्या मलय मुली. मी खुशीत होते. बाबा म्हणाले, "ह्यात काय बघायचंय? आपल्या करामात हेच आहे. इथे झाडं जास्त, एवढंच."

"देन व्हाय डिड यू कम?"

"मराठीत भांड."

मी रागाने हात धुवायला गेले. परत आले तर बाबा तव्यापाशी उभे होते. त्या माणसाला हिंदीत विचारत होते, "भाई, इधर का व्हिसा कैसे मिलता है? खोली कितने में पडती है?" त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तो हसून आणखी एक रोटी वाढू का, असं खुणेने विचारत होता. बाबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, जरा मोठ्याने.

इतके दिवस हा माणूस शहर बघतच नव्हता. इथे आपल्याला राहता येईल का, ते बघत होता. "बाबा, चिपळूण आहे ना आपलं," मी म्हटलं. ते खाली बसले आणि म्हणाले, "तिथे मला आता कोण ओळखतं गं?" मला राग आला. त्यांचा आला, पीआरओचा आला, त्या शहराचाही आला. उरलेले दोन दिवस मी त्यांच्याबरोबर मुकाट्याने भरभर चालले.

परतल्यावर आठवड्यातच उत्तर आलं. खलास. नाही म्हणजे नाही.

घर रिकामं करायला महिना गेला. मला नोकरी लागली होती, म्हणून मी मागे राहणार होते. निघायच्या दिवशी आई टॅक्सीत जाऊन बसली आणि बाबा इमारतीखालच्या मलबारी दुकानदाराचा निरोप घ्यायला गेले. त्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. निघताना आपण जातो कुठे म्हणतो? येतो म्हणतो. बाबांनी सवयीने त्याचीच हिंदी केली, "अच्छा, मैं आता हूँ."

दुकानदाराचा चेहरा एकदम फुलला. "आता है? वापस आता है? व्हिसा मिल गया, साब?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्याला नीट कळावं म्हणून ते सावकाश म्हणाले, "नहीं भाई. जाता हूँ."

"अहो, असं काय बोलता!" टॅक्सीतून आई ओरडली, आणि महिनाभर डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई तिथेच रडायला लागली.